वाचक विचारतात: मिऱ्याचा समुद्र आणि काठची गावं

रत्नागिरीच्या किनाऱ्याबद्दल आलेले बरेच प्रश्न या ना त्या वाटेने मिऱ्यापाशीच येऊन थांबतात. म्हणून या वेळचं सदर मिऱ्याच्या समुद्रावर आणि त्याच्या दोन शेजाऱ्यांवर.

नकाशात रत्नागिरीच्या वायव्येला ‘मिऱ्या बे’ असं छापलेलं असतं. गावात विचारलं तर कुणी पांढरा समुद्र म्हणतं, कुणी मिऱ्याचा समुद्र, कुणी भगवती बंदर. हे सगळं एकच का? (वाचक, पुणे)

पाणी एकच, टोकं वेगळी. उत्तरेला मिऱ्याचा डोंगर, दक्षिणेला रत्नदुर्गाचा डोंगर आणि दोन्हींच्या मध्ये पश्चिमेकडे तोंड केलेली, कोयत्याच्या पात्यासारखी वळलेली पुळण (वाळूचा किनारा), एवढाच हा उपसागर. किल्ल्याच्या कुशीतला दक्षिण कोपरा म्हणजे भगवती बंदर. त्याला लागून मुरुगवाड्याकडची पुळण तो पांढरा समुद्र. वाळूच्या पट्ट्यावर आणि डोंगराच्या पायथ्याशी आलावा, जाकीमिऱ्या, भाटीमिऱ्या. डोंगरावर सडामिऱ्या. ‘सडा’ म्हणजे डोंगरमाथ्याचं सपाट कातळ, तेव्हा या गावाचा पत्ता त्याच्या नावातच आहे.

मिऱ्याच्या पट्ट्याची ठेवण नीट बघण्यासारखी आहे. एका बाजूला उघडा समुद्र, दुसऱ्या बाजूला शिरगावकडची खाडी आणि मधे अरुंद, सखल वाळू. ही वाळूच डोंगराला मुख्य जमिनीशी बांधून ठेवते. भूगोलाच्या पुस्तकात अशा जोडपट्टीला टोंबोलो म्हणतात. मिऱ्या-नागपूर म्हणून ओळखला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६६ या मिऱ्याहूनच निघतो, हे बाहेरच्यांना सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही.

नकाशा समजून घ्यायला रत्नदुर्गावर जा. किल्ल्याचा आकार घोड्याच्या नालासारखा आहे. दीपगृहाच्या बाजूला उभं राहिलात की उत्तरेला मिऱ्याची अख्खी पुळण दिसते आणि दक्षिणेला मिरकरवाड्याचं बंदर, मांडवी, त्यापलीकडे भाट्ये. मिऱ्या डोंगराच्या पाठीमागे, उत्तरेला, काळबादेवीचा तिसरा समुद्र. म्हणजे दोन डोंगरांनी किनाऱ्याचे तीन कप्पे पाडले आहेत.

आता या तीन कप्प्यांत नद्या कुठे उतरतात ते बघा. मांडवी-भाट्याच्या कप्प्यात काजळी नदी येते. काळबादेवीच्या कप्प्यात साखरतरची खाडी आणि आरे खाडी आहे. मधल्या मिऱ्याच्या कप्प्यात मोठी नदी एकही नाही. खालच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ या एका फरकात आहे.

मांडवीचा समुद्र काळा आणि दोन-तीन किलोमीटरवरचा पांढरा, असं का? मुलांना दाखवता येईल असा काही प्रयोग आहे का? (वाचक, मुलुंड)

रंग पाण्याचा नव्हे, वाळूचा. पांढरा म्हणजे मिठासारखा पांढराही नव्हे. मांडवीच्या शेजारी फिका दिसतो, एवढंच.

काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहाची जड खनिजं असतात. सह्याद्रीचा काळा दगड आणि त्यावरचा जांभा झिजून ती सुटतात आणि नदीबरोबर खाली येतात. मांडवीला काजळीचं मुख हाकेच्या अंतरावर. इल्मेनाइट पाण्याच्या साधारण ४.७ पट जड, तर शिंपल्याचा चुरा २.७ पट. लाट परतताना हलकं उचलून नेते आणि जड तिथंच टाकते, पाखडताना सुपात होतं तसंच. म्हणून पावसाळ्यानंतर मिऱ्या आणि काळबादेवीच्या पुळणीवरही मधूनच काळे पट्टे उमटलेले दिसतात. शिंपल्यांचा चुरा जितका जास्त तितकी वाळू फिकी. गंमत अशी की या काळ्याकुट्ट इल्मेनाइटपासून जे टायटॅनियम डायॉक्साइड काढतात, ते पांढऱ्या रंगाच्या डब्यात जातं.

प्रयोग घरी करा, किनाऱ्यावर नको. दोन्हीकडची मूठमूठ वाळू गोड्या पाण्याने तीनदा धुवा आणि कागदावर पसरून कडक वाळवा. ओली वाळू गोळा होते आणि काहीच कळत नाही. लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत घालून वाळूवरून फिरवा. उघडा फिरवलात तर चिकटलेले कण आठवडाभर निघणार नाहीत. उड्या मारून चिकटतात ते मॅग्नेटाइटचे कण. काळे असूनही जागचे हलत नाहीत किंवा जेमतेम सरकतात, त्यांत इल्मेनाइट बरंच. मग फिक्या वाळूच्या चमचाभर ढिगावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका आणि कान जवळ न्या. बारीक चुरचुर ऐकू आली, बुडबुडे दिसले, की तो शिंपल्यातला चुना. लिंबाने बुडबुडे फार जोरात येत नाहीत, त्यामुळे मुलांची निराशा होते. रस थोडा कोमट केला तर बरं दिसतं.

मोबाइलला रेंज नसताना भरती-ओहोटीची वेळ तिथीवरून कशी काढायची? आजोबा काढत, आम्हाला सूत्र आठवत नाही. (वाचक, लांजा)

तिथीचा आकडा घ्या आणि त्याला पाऊणने गुणा. येतील ते तास म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. षष्ठी असेल तर सहाचे पाऊण साडेचार, म्हणजे भरती साडेचारच्या सुमारास. एकादशीला सव्वाआठ. शुक्ल असो वा वद्य, हिशेब तोच. पुढची भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी आणि ओहोटी दोन भरत्यांच्या मध्यावर.

हे सूत्र चालतं कारण भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते आणि पाऊण तास त्याच्या जवळचा आकडा आहे. पण दिवसाला पाच मिनिटांची चूक साठत जाते. शिवाय किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना भरतीची वेळ मागे पडत जाते, त्यामुळे मुंबईचं वेळापत्रक रत्नागिरीला जसंच्या तसं लावू नका. आपल्याकडे भरती आधी येते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरूनच चाला. होडी काढायची असेल तर तिथीवर विसंबू नका, छापील तक्ता बघा.

यातून निघणारी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री असते, तर ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी. अष्टमीला याच्या उलट. म्हणून रुंद पुळणीवर संध्याकाळी फिरायचं असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास या. मिऱ्याच्या लोकांना जून-जुलैत धडकी भरते तीही याच दिवसांत, मात्र दुपारी आणि मध्यरात्री. सर्वांत मोठं उधाण नेमक्या पौर्णिमेला नसून एक-दोन दिवसांनी, द्वितीयेच्या सुमारास येतं. सप्तमी-अष्टमीनंतरच्या मंद भरतीला मच्छीमार भांग म्हणतात.

आमच्या दारात धूपप्रतिबंधक बंधारा आहे. दगड टाकतात, दोन पावसाळ्यांत तो खचतो, परत दगड टाकतात. दगडच कमी पडतात का? (वाचक, मिऱ्या)

दगड कमी पडतात हे अर्धं खरं. बंधारा वरून फुटत नाही, पायातून जातो.

लाट उभ्या किंवा फार तिरक्या नसलेल्या भिंतीवर आदळली की तिचा जोर वर उडतो तसाच खालीही उतरतो आणि पायथ्याची वाळू उकरतो. आधी पुढचा खालचा दगड बसतो, मग त्यावरचा घसरतो, आणि ऑक्टोबरात आपल्याला दिसते ती वरची पडझड. म्हणून बंधाऱ्याचा पाय ओहोटीच्या पातळीखाली, पावसाळ्यात वाळू जिथवर उतरते त्याच्याही खाली न्यायला हवा. मे महिन्यात पुळण भरलेली असते. त्या वेळच्या वाळूवर दगड मांडले तर तो पाया मुळी पायाच नव्हे.

दुसरी गोष्ट गाळणीची. मोठ्या दगडांच्या फटींतून लाट आत शिरते आणि परतताना मागची वाळू घेऊन जाते. बाहेरून बंधारा शाबूत, आतून पोकळ. रस्त्याला अचानक भगदाड पडतं ते यामुळे. वाळूवर जाड गाळणी कापड, त्यावर बारीक खडी, मग मध्यम दगड आणि सर्वांत वर अवजड दगड किंवा टेट्रापॉड (चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे), असे थर हवेत. कापडाचे दोन पट्टे एकमेकांवर नीट चढवले नाहीत किंवा दगड उंचावरून टाकताना ते फाटलं, तर खर्च वाया गेला.

तिसरी गोष्ट दगडाच्या वजनाची. लाटेची उंची वाढते त्याच्या घनाच्या पटीत दगडाचं वजन वाढवावं लागतं. दोन मीटरच्या लाटेला जो दगड टिकतो, त्याच्या सुमारे ३.४ पट वजनाचा दगड तीन मीटरच्या लाटेला लागतो. ‘थोडे मोठे दगड टाका’ या मागणीने काम भागत नाही ते त्यामुळे. टेट्रापॉड उपयोगी पडतात कारण त्यांचे पाय एकमेकांत अडकतात आणि लाट मधल्या पोकळ्यांत जिरते. पण ते नुसते ओतले, अडकवून बसवले नाहीत, तर सुटे धोंडेच.

चौथं म्हणजे टोक. बंधारा जिथं संपतो तिथं लाट वळून मागे शिरते आणि शेजाऱ्याची जमीन आधीपेक्षा जोरात खाते. आपल्या वाडीपुरता बंधारा मागून घेताना हे लक्षात ठेवावं. भांडणं इथूनच सुरू होतात.

आणि मूळ दुखणं कुठलाच बंधारा बरं करत नाही. वर म्हटल्याप्रमाणे मिऱ्याच्या कप्प्यात मोठी नदी नाही. दोन डोंगरांमध्ये आहे तेवढीच वाळू. पावसाळ्यात लाटा ती ओढून आत नेतात, ऑक्टोबर ते मे या काळात परत आणून टाकतात. यातली जी खोल गेली किंवा कुणी उचलली, तिची भरपाई करणारं कुणी नाही. बंधारा जमीन राखतो, पुळण राखत नाही. उलट त्याच्यासमोरची पुळण हळूहळू बारीक होत जाते.

ते मोठं जहाज मिऱ्याच्या बंधाऱ्यावर कसं चढलं? (वाचक, कराड)

‘बसरा स्टार’, ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. जहाज नांगर टाकून उभं होतं. नांगराने जमीन सोडली की जहाज वारा नेईल तिकडे जातं. मिऱ्याचा समुद्र पश्चिमेला उघडा, वाळूचा तळ किनाऱ्याकडे उथळ होत जाणारा. भगवती बंदराला किल्ल्याच्या डोंगराचा आडोसा नैर्ऋत्येच्या लाटांपासून मिळतो, तसा पुढे पुळणीला मिळत नाही. जहाज थांबायची जागा उरली ती बंधाऱ्यापाशीच.

शाळेतल्या मुलांकडून पुळण किती सरकते हे मोजून घ्यायचं आहे. यंत्रं नाहीत. (भूगोल शिक्षक, संगमेश्वर तालुका)

दोन सरळ काठ्या, एक दोरी आणि क्षितिज पुरतं. पश्चिमेला उघड्या समुद्रावर क्षितिज आयतं सपाट मिळतं, त्याचाच उपयोग करायचा.

दीड मीटरच्या दोन सारख्या काठ्या घ्या आणि वरच्या टोकापासून खाली सेंटिमीटरच्या खुणा करा. बुडाला खिळ्याने पत्र्याची चकती ठोका, नाहीतर काठी वाळूत रुतते आणि सगळं मोजमाप चुकतं. दोन मीटरची न ताणणारी दोरी घ्या. सुरुवात कायम हलणार नाही अशा खुणेपासून करा, जसं देवळाचा कट्टा किंवा विहिरीचा काठ. माड नको, बंधाऱ्याचा दगड तर नकोच.

पहिली काठी खुणेपाशी, दुसरी समुद्राच्या दिशेने दोन मीटरवर. दोन्ही उभ्या धरा. पहिल्या काठीमागच्या मुलाने डोळा वरखाली करून दुसऱ्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत आणायचं. ती रेष पहिल्या काठीला वरून जितक्या सेंटिमीटरवर कापते, तितका उतार त्या दोन मीटरमध्ये. आकडा लिहा. मग पहिली काठी दुसरीच्या जागी, दुसरी आणखी दोन मीटर पुढे, असं पाण्यापर्यंत. वाटेत चढ लागला तर उलटं करायचं: पहिल्या काठीच्या वरच्या टोकाशी डोळा टेकवला की समोर दुसऱ्या काठीवर क्षितिज कितव्या खुणेवर आहे ते वाचा आणि आकडा अधिक चिन्हाने लिहा.

महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या आसपास संध्याकाळच्या ओहोटीला मोजा, म्हणजे दर वेळी जास्तीत जास्त पुळण उघडी मिळेल. जून ते ऑगस्ट मुलांना नेऊ नका. क्षितिजही धड दिसत नाही आणि लाटेचा भरवसा नसतो. मेचं मोजमाप सप्टेंबरच्या मोजमापाशी ताडून ‘समुद्राने इतकी जमीन खाल्ली’ असा निष्कर्ष काढू नका. यंदाचा मे पुढच्या मेशी ताडा.

राजीवड्याच्या होड्या खाडीच्या तोंडाशीच का अडकतात? आत पाणी आहे, बाहेर पाणी आहे. (वाचक, रत्नागिरी)

काजळीचं पाणी समुद्राला भेटतं तिथं त्याचा वेग मोडतो आणि गाळ तिथंच बसतो. समुद्राच्या लाटा आपली वाळू घेऊन त्याच जागी येतात. दोघांच्या मधे आडवा उंचवटा तयार होतो. पावसाळ्यातला पूर त्यातून वाट कापतो, पण पूर ओसरला की वाट परत बुजायला लागते आणि दर वर्षी तीच राहत नाही. गेल्या वर्षीच्या खुणेवर होडी घालण्यात धोका आहे तो हाच.

सर्वांत वाईट वेळ सुकतीची, म्हणजे पाणी ओसरत असतानाची, विशेषतः उधाणाच्या दिवसांतली. बाहेर पडणारा प्रवाह येणाऱ्या लाटेला भिडतो, लाट आखूड आणि उभी होते आणि नेमकी उंचवट्यावर फुटते. होडीची नाळ (पुढचं टोक) वर आणि बूड वाळूला लागलेलं, अशा स्थितीत ती आडवी झाली की संपलं. आत-बाहेर करायचं ते भरतीच्या शेवटच्या दोन तासांत. भरती अजून चढती असेल तर अडकलेली होडी सुटण्याची आशा असते. गाळ काढणं हा उपाय खराच, मात्र तो दर वर्षीचा. एकदा काढून कायमचं मोकळं होणारं मुख नव्हे ते.

वाळूतल्या आमच्या विहिरीचं पाणी मार्चनंतर मचूळ होतं. आणखी खोल करावी का? (वाचक, आलावा)

नको. खोल केलीत तर लवकर खारी होईल.

वाळूत मुरलेलं पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण खारं पाणी साधारण अडीच टक्के जड. ढोबळ हिशेब असा, की समुद्राच्या सरासरी पातळीच्या वर विहिरीत एक फूट गोडं पाणी उभं असेल तर खाली सुमारे चाळीस फूट गोडं पाणी आहे. हे ऐकून लोक खूश होतात, पण उलट वाचून बघा. उपशाने वरची पातळी एक फूट उतरली की खालून खारं पाणी चाळीस फूट वर चढायला बघतं. आणि मिऱ्याच्या पट्ट्याला खारं पाणी दोन्ही अंगांनी आहे, समुद्राचं आणि खाडीचं.

तेव्हा विहीर रुंद आणि उथळ ठेवा. मोठा पंप तासभर चालवण्यापेक्षा छोटा पंप सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटं चालवा आणि फूटझडप (पंपाच्या नळाच्या पाण्यातल्या तोंडाची झडप) तळाशी न ठेवता पाण्याच्या वरच्या थरात, तरंगत्या डब्याला बांधून ठेवा. छपराचं पाणी पागोळीतून गटारात न सोडता विहिरीपासून दोन-चार मीटरवर शोषखड्ड्यात मुरवा. वाळूत ते झटकन मुरतं. शेजाऱ्याची बोअर असेल तर मात्र तुमच्या एकट्याच्या शिस्तीने फार फरक पडणार नाही. खालचं गोडं पाणी कुंपण ओळखत नाही.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याने जायचं तर गावं कोणत्या क्रमाने लागतात? वाटेत पोहायला चांगली जागा कोणती? (वाचक, सोलापूर)

शिरगाव, साखरतरचा पूल, बसणी, आरे, वारे, नेवरे, भंडारपुळे, गणपतीपुळे. साधारण २५ किलोमीटर. काळबादेवीला जायचं तर पूल ओलांडल्यावर डावीकडे.

आरे-वारेला गाडी थांबवून वरून समुद्र बघा, पोहू नका. तिथली आणि गणपतीपुळ्याची पुळण पाण्यात झटकन खोल होते आणि परतणारं पाणी ठरावीक पट्ट्यांतून जोरात आत ओढतं. वरून बघताना जिथं लाटा फुटत नाहीत, पाणी गडद आणि ‘शांत’ दिसतं, नेमका तोच पट्टा ओढीचा. नवखा माणूस शांत पाणी बघून तिथंच उतरतो. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. किनाऱ्याला समांतर, लाटा फुटत असतील त्या बाजूला सरका आणि मग लाटेबरोबर बाहेर या. लहान मुलं बरोबर असतील तर घोट्याच्या वर पाणी नको, आणि ओहोटी सुरू झाल्यावर तेवढंही नको.